पाठ कुणाला, पोट कुणाला

म्हशीचं अर्धं कातडं, व्यापाऱ्यांच्या भाषेत एक 'साइड', साधारण १८ ते २० चौरस फुटांचं भरतं. हाताने शिवलेल्या एका पाकिटाला पावणेदोन फूट पुरतं. उरलेल्याचं करायचं काय, या अडचणीतून हाताने चामडं शिवणाऱ्यांचा आमचा पुण्यातला गट जमला. कलेच्या प्रेमाबिमाची भाषा नंतर आली. धारावीतला व्यापारी फूटभर तुकडा कापून देत नाही. अख्खं घ्या, नाहीतर शेजारी विचारा, म्हणतो. शेजारीही तेच ऐकायला मिळतं.

म्हणून महिन्यातल्या एका रविवारी माझ्या गच्चीवर वाटणी होते. आधी सोसायटीच्या हॉलमध्ये व्हायची, मग वासाची तक्रार गेली. नीट कमावलेल्या चामड्याला हिरड्याचा आणि तेलाचा वास असतो, फारसा उग्रही नसतो. तक्रार नुसत्या वासाची नव्हती, हे तक्रार करणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

मंडळी सगळ्या थरांतली. एक दातांचे डॉक्टर, ज्यांचा हात आमच्यात सगळ्यात स्थिर. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका. आयटीतले दोघे, आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी, स्वारगेटच्या बाजूला पेटी मांडून बसणारे दादा, ज्यांच्याकडे निम्म्या पुण्याच्या बॅगांच्या चेन बदलून झाल्या असतील. आणि कोल्हापूरचे मामा. मामा पिढीजात पायताणं करणारे. लेक कात्रजला दिली आहे, तिच्याकडे आले की येतात. मी दिवसभर लोकांचे हिशेब लिहिते, त्यामुळे गटाची वहीही आपसूक माझ्याकडे आली.

वहीत पहिली नोंद मापाची. कातड्याच्या मागच्या, खरबरीत बाजूला आकडा लिहिलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर एक बारका आकडा. १८ आणि वर २ असेल तर नवीन माणूस '१८चा वर्ग' म्हणून हसतो. तो पाव फुटांचा हिशेब आहे: १८ आणि दोन पाव, म्हणजे साडेअठरा चौरस फूट. बारका आकडा ३ असेल तर पावणेएकोणीस. हे एकदा समजलं की व्यापाऱ्याशी बोलताना जरा मान वर राहते.

वाटणी म्हटली की प्रत्येकाला पाठ हवी. साहजिकच आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंचं कातडं सगळ्यात घट्ट, जाडीला एकसारखं, ओढलं तरी न वाढणारं. पट्टा कापायचा तर कण्याला समांतरच कापावा लागतो, आडवा कापलात तर दिवाळीला घेतलेला पट्टा होळीला दोन भोकं पुढे गेलेला असतो. मानेकडे सुरकुत्या. पोटाकडे सगळंच सैल, कारण जनावराचं पोट आयुष्यभर कमी-जास्त होत राहतं आणि तिथले तंतू विरळ विणलेले असतात. शिवाय आपल्याकडच्या म्हशी काही गालिच्यावर वाढत नाहीत. गोचिडांचे ठिपके, काटेरी तारेचे ओरखडे, कुठे डाग दिल्याची खूण, असं सगळं त्या कातड्यावर उमटलेलं असतं. आयटीतल्या एकाला यातलं काहीही नको असायचं. त्याला मी शेवटी सांगितलं, तुला हवं तसं चामडं रेक्झिनच्या दुकानात मिळेल.

भांडणं तीनेक महिने चालली. मग मी हिशेबनिसाचा उपाय काढला. पाठीला दीडपट दर, मानेला सरळ, पोटाला निम्मा. साडेअठरा फुटांची साइड १८० रुपये फुटाने ३३३० रुपयांना आली होती. त्यात पाठ ८ फूट, मान ४, पोट आणि पायांकडचं मिळून साडेसहा. हिशेब केला तर पाठ २६० रुपये फूट, मान १७३, पोट ८७. साडेसात रुपये जास्त जमले, ते चहात घातले. त्या दिवसापासून भांडण मिटलं, पण पोट कुणीच घेईना. ८७ रुपयांतही नको.

मामा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "ताई, पोटाचं कातडं वाईट नसतंय. त्याला वढायचं काम देऊ नगा, मग ते बी गुणाचं." आणि पिशवीतून रापी, म्हणजे चामडं तासायची सुरी, काढली. पोटाच्या तुकड्याच्या कडा दगडावर ठेवून, रापी जवळजवळ आडवी धरून अंगापासून लांब ढकलत तासल्या. डॉक्टरांकडे याच कामाची दोन परदेशी हत्यारं आहेत, दोन्ही मिळून मामांच्या महिन्याच्या वाणसामानाइतक्या किमतीची. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. तळाच्या थरांमध्ये भर घालायला, टाचेला उंची द्यायला, चष्म्याच्या घराला, चाकूच्या म्यानाला आतून, जिथे ताण येत नाही तिथे पोट चालतं. आता पोटाला दोघे-तिघे आधीच नाव लावून ठेवतात आणि मला दर वाढवावासा वाटतो. (वाढवलेला नाही.)

मामांची शिवण आमच्या शिवणीहून अगदी वेगळी. आम्ही शिकलो ती दोन सुया, एक मेणाचा दोरा. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा आपल्या जागी घट्ट बसून राहतो. मशीनच्या शिवणीत तसं नसतं, एकीकडे तुटली की उसवत जाते. मामांकडे दोराच नाही. आरीने भोक, आणि त्यातून चामड्याचीच बारीक वादी. चांगल्या कोल्हापुरी पायताणात खिळा नसतो, तळ, बाजूचे कान, पट्टा सगळं वादीवर उभं. तिची जाडी मामा मोजत नाहीत, अंगठा आणि बोट यांच्यातून एकदा सरकवतात. एसटीवाल्या काकांनी कॅलिपर लावून पाहिला. फरक सापडला, पण तो कॅलिपर धरण्याचा असावा असं काकाच म्हणाले, आणि वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस असं सहजासहजी म्हणत नाही.

माल कुठला, हा दुसरा कायमचा विषय. कोल्हापुरात पूर्वी कातडं कमावायची पद्धत अशी, की कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायची. पाणी हळूहळू झिरपत कातड्यात मुरतं. हे काम दिवसांत उरकत नाही, आठवडे जातात. आता तिथल्या कारागिरांपैकी पुष्कळांकडे तयार चामडं चेन्नईकडून येतं. २०१५च्या कायद्याने राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंची कत्तलही बंद झाली, म्हशीवर बंदी नाही; पण गाडी अडवणारा आधी पावती बघतोच असं नाही, असं मामा म्हणतात. आमच्या गटात म्हैस आणि शेळी, एवढंच येतं, आणि पावतीची झेरॉक्स वहीला टाचलेली असते.

चेन्नईकडच्या मालाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. तिकडचं जुनं नावाजलेलं 'ईस्ट इंडिया' चामडं ज्या सालीत कमावत, ती तरवडाची. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी भरलेला असतो, गुरंही सहसा तोंड लावत नाहीत, तोच तरवड. सोलापूरच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून मी तो लहानपणापासून बघते आहे.

झाडपाल्यात कमावलेलं चामडं आणि क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, चामडं यांत फसवणूक सर्रास होते. जगातलं बहुतेक चामडं क्रोममध्ये कमावलेलं असतं. ते काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं, माल मऊ येतो, पाण्याला टिकतो. त्यात वाईट काही नाही, जॅकेट आणि पर्स त्याचेच करावेत. पण त्यावर ठसा उठत नाही आणि कड घासून काचेसारखी होत नाही. व्यापारी मात्र दोन्हीला एकच शपथ घेतो. आमची परीक्षा स्वैपाकघरातली आहे. काडीएवढी पट्टी कापायची, उकळत्या पाण्यात टाकायची. सालीत कमावलेली पट्टी बघता बघता आकसून वळते, क्रोमची आरामात पडून राहते. किंवा व्हिनेगरमध्ये लोखंडाचा चुरा आठवडाभर मुरवून त्याचा थेंब टाकायचा. सालीतल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की चामडं काळंकुट्ट होतं. हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी शाई करत, तिचंही रहस्य हेच. या परीक्षेसाठी एक जुनं पातेलं ठेवलं आहे. माझ्या सासूबाईंनी ते स्वतःहून गच्चीच्या जिन्याखाली नेऊन ठेवलं आणि त्यावर तेल-रंगाने फुली मारली. आमच्यात त्यावर चर्चा झालेली नाही.

गटात नव्याने आलेला एक मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, आपण ही कला पुन्हा जिवंत करतो आहोत. दादा शेजारी बसून बॅगेचा बंद शिवत होते, त्यांनी मान वर केली नाही. आर्किटेक्चरच्या मुलीने मामांना विचारलं, तुम्ही हे शिकलात कसं? "घरात दुसरं काय व्हतं?" एवढंच उत्तर आलं. मामांचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि मामांनीच त्याला तिकडे चिकटवलं. आमच्यातल्या कुणी रविवारी पट्टा शिवला की घरचे फोटो काढून चारचौघांत कौतुक करतात. मामांच्या घराण्याला तेच काम करताना कुठल्या विहिरीवर आणि कुठल्या ओसरीवर थांबवलं गेलं, हे विचारायची गरज महाराष्ट्रात कुणाला पडू नये. मी गटात भाषणं देत नाही. पण 'पुन्हा जिवंत' हे शब्द आमच्या प्रदर्शनाच्या फलकावर लिहू दिले नाहीत.

त्या प्रदर्शनातच खरा प्रश्न उभा राहिला. दिवाळीआधीचं दोन दिवसांचं छोटंसं प्रदर्शन होतं. आयटीतल्या पोराने दुघडी पाकिटं साडेचारशेला लावली आणि सगळी विकली. खूश होता. पुढच्या रविवारी दादांनी सांगितलं, गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं आणि म्हणतं, हाताने शिवलेलं साडेचारशेला मिळतं, तुम्ही नऊशे कसे सांगता? पोरगा म्हणाला, माझा छंद आहे, मला चामड्याचे पैसे सुटले तरी बस. दादा म्हणाले, "तुझा छंद आहे रे, पण ते गिऱ्हाईक माझं होतं."

मग मी तक्ता केला. पाकिटाला पावणेदोन फूट चामडं, वाया जाणारं धरून ३०० रुपये. दोरा, मेण, कडेचा डिंक, ५० रुपये. मजुरी तासाला १५०, कारण दादा म्हणाले की बरा दिवस गेला तर आठ तासांत १२०० सुटतात, आणि त्याहून कमी धरायचा अधिकार आमच्यापैकी कुणाला नाही. पोरगा म्हणाला त्याला चार तास लागतात. डॉक्टरांनी घड्याळ लावलं: सहा. म्हणजे ९०० मजुरी, एकूण १२५०. नफा अजून धरलेलाच नाही. गटातल्या चामड्याची वस्तू विकायची असेल तर हा तक्ता भरून द्यायचा आणि त्यात निघेल त्या रकमेखाली विकायची नाही. भेट द्या, स्वतः वापरा, चुलत्याच्या लग्नात वाटा. दोघांनी यावरून गट सोडला. एकाने जाताना मला 'युनियन लीडर' म्हटलं, ते मी कौतुक म्हणून घेतलं.

मधल्या काळात २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी सँडल चालवली आणि महिनाभर मला ओळखीच्या प्रत्येकाने तीच बातमी पाठवली. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, ही माहिती तेव्हा अचानक सगळ्यांना पाठ झाली. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २००० जोड इकडच्या कारागिरांकडून करून घ्यायचं ठरलं, जोडाला ८०० युरोच्या आसपास किंमत. मामांना मी आकडा रुपयांत करून सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "मजुरी किती धरलीया त्यात?" बातमीत तो रकाना नव्हता.

तक्ता आता मामाही वापरतात, लेकीकडून लिहून घेतात. गेल्या रविवारी डॉक्टरांनी आपली जुनी कापशी, म्हणजे कोल्हापुरीतलाच एक प्रकार, आणली, वेणी तुटलेली आणि एक कान सुटलेला. मामांनी उलटसुलट पाहिली, ३५० सांगितले. डॉक्टर जरा चपापले. "मामा, गटातल्या माणसालाही साडेतीनशे?"

"तुमच्याकडं दाढ काढाय आलो," मामा म्हणाले, "तर गटातला म्हणून अर्धीच काढणार व्हय?"

डॉक्टरांनी साडेतीनशे दिले. पावती मी फाडली.