हाताची नाडी ठणठणीत होती

माझ्या सोनोग्राफी सेंटरवर आलेल्या चिठ्ठीवर मोजकंच लिहिलं होतं. वय २३, बीपी जास्त, टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) सुरू केल्यावर क्रिएटिनिन ०.९ वरून १.८, किडनीचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावा. ‘क्रिएटिनिन वाढलं’, म्हणजे किडनीचं काम मंदावलं, हे कुणीही लिहितं. ‘टेल्मिसार्टन सुरू केल्यावर’ असं लिहिणारा फिजिशियन अर्धं निदान मनाशी करूनच पेशंट पाठवतो.

किडनीला रक्त कमी पोचायला लागलं की आपल्या गाळणीतला दाब टिकवायला ती अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा आधार घेते. टेल्मिसार्टन तोच आधार काढून घेतं. एका बाजूची किडनी धडधाकट असेल तर ती निभावून नेते, रिपोर्टात फारसं काही उमटत नाही. दोन्हीकडचा पुरवठा आखडलेला असेल तर मात्र क्रिएटिनिन झरझर चढतं. तेवीस वर्षांच्या मुलीच्या किडनीच्या दोन्ही धमन्या कशाने आखडतील, हा खरा प्रश्न होता.

हा डॉपलर उपाशीपोटी करतात. आतड्यातला गॅस मध्ये आला की काही म्हणजे काही दिसत नाही. मुलगी पुरंदर तालुक्यातून पहाटेच्या एसटीने आली होती, बरोबर सासूबाई. पेठेतल्या माझ्या सेंटरमध्ये सकाळी मुतखडेवाले आणि गरोदर बायका यांची गर्दी असते, त्यात ही दोघी कोपऱ्यातल्या बाकड्यावर अंग चोरून बसल्या होत्या. नुकतीच एमडी झालेली एक मुलगी सध्या माझ्याकडे हात साफ करायला येते. तिला म्हटलं, हिला आधी घे, उपाशी आहे.

उजवी किडनी १०.२ सेंटिमीटर, डावी ८.३. दीड सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला की आमचे कान टवकारतात. मग किडनीच्या आतल्या धमन्यांवर प्रोब ठेवला. निरोगी किडनीतली रक्तप्रवाहाची लहर ताठ चढते आणि निवांत उतरते. हिच्या डाव्या किडनीतली लहर पर्वतीच्या टेकडीसारखी होती, बसकी आणि गोलसर. म्हणजे अडथळा वरच्या बाजूला कुठेतरी. उजवीकडेही तोच प्रकार, थोडा सौम्य. डाव्या धमनीच्या तोंडाशी रक्ताचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला. १८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तरी आम्ही संशय घ्यायला लागतो.

आणि मग महाधमनी. तिची भिंत या वयात स्क्रीनवर नाजूक रेघेसारखी दिसायला हवी. इथे ती चार मिलिमीटर जाड होती, गोलाकार, सगळीकडे सारखी. किडनीच्या धमन्या फुटतात त्याच्या जरा वर नळी निम्म्यावर आली होती. चरबीचे खडबडीत थर नाहीत, कॅल्शियम नाही. विडी ओढणाऱ्या साठीच्या बाप्यांच्या धमन्या मी रोज बघते. हे त्यातलं नव्हतं. इथे भिंतच सुजली होती.

“ताकायासू?” मी म्हटलं.

माझी ज्युनियर एव्हाना तिचं मनगट धरून उभी होती. “मॅडम, पण नाडी तर छान लागतेय. चांगली उड्या मारतेय.”

तिचं चुकत नव्हतं. परीक्षेत तिने हेच लिहून मार्क मिळवले असणार: ताकायासू आर्टेरायटिस (मोठ्या धमन्यांच्या भिंतींची सूज), म्हणजे पल्सलेस डिसीज, तरुण स्त्री, मनगटाची नाडी गायब. हे चित्र आलं कुठून, ते बघण्यासारखं आहे. मिकितो ताकायासू हे जपानमधल्या कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ. १९०८ साली त्यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची चमत्कारिक वेटोळी दिसल्याचं सांगितलं. ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी तशाच डोळ्यांचे आपापले पेशंट सांगितले, आणि त्या पेशंटांच्या मनगटाला नाडी लागत नाही हेही सांगितलं. जपानमध्ये हा आजार मुख्यतः महाधमनीच्या कमानीवर आणि तिथून डोक्याकडे, हातांकडे जाणाऱ्या फांद्यांवर बसतो. डोक्याला रक्त कमी, म्हणून चक्कर आणि दृष्टीच्या तक्रारी. हाताला रक्त कमी, म्हणून नाडी नाही. जगभरच्या पुस्तकांत हेच चित्र गेलं, आणि आपल्याकडच्या पुस्तकांतही तेच आलं.

आपल्याकडे मात्र हा आजार बऱ्याचदा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या खाली, पोटातल्या महाधमनीत आणि किडनीच्या धमन्यांत मुक्काम करतो. किडनीला वाटतं अंगातलं रक्तच कमी झालं, ती दाब वाढवत सुटते. पेशंट येतो तो डोकेदुखी, वाढलेलं बीपी, कधी थेट हार्ट फेल्युअर घेऊन. मनगटाची नाडी जाण्याऐवजी दणदणीत लागते, कारण वरच्या अर्ध्या अंगात दाब प्रचंड असतो. १९९७ साली जपानी आणि भारतीय डॉक्टरांनी मिळून दोन्ही देशांचे पेशंट शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हाही हाच फरक दिसला. पुरुष पेशंटांचं प्रमाणही आपल्याकडे जास्त निघालं.

“मनगट सोड, जांघेत बघ,” मी ज्युनियरला म्हटलं. तिने दोन्हीकडे बोटं ठेवली, चाचपडली, परत ठेवली. नाडी होती, पण मेल्यासारखी, आणि मनगटाच्या नाडीपेक्षा उशिरा येणारी.

मुलीला विचारलं, “चालताना काही होतं का गं?”

ती गप्प. सासूबाईच बोलल्या. “चालाय काय व्हत न्हाई, पर चढाय लागली की बसती. लगीन झाल्यावर जेजुरीला गेलो व्हतो. पोरानं उचलून चार पायऱ्या चढवली, रीत झाली. म्होरं ही आपली दर वळणाला बसायला लागली. पायात गोळं येत्यात म्हनती. समदी हसली, नव्या नवरीला गडभर उचलूनच न्यायला पाहिजे म्हनून.”

“थांबलं की जातं?”

“लगेच जातं,” मुलगी म्हणाली. “मला वाटलं रक्त कमी असंल.”

कुठल्याही पोरीला, कुठल्याही तक्रारीला ‘रक्त कमी असेल’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. लोहाच्या गोळ्या तिने तीन-तीन महिने खाल्ल्या होत्या. हिमोग्लोबिन खरंच जरा कमी होतं, त्यामुळे कुणी पुढे विचारलंही नाही. सूज असलेल्या आजारात हिमोग्लोबिन उतरतंच, पण ते असो.

बीपीचा पट्टा काढला. उजव्या हातावर १८६, डाव्यावर १६८. मग घोट्यावर पट्टा बांधून मागच्या धमनीवर डॉपलर धरला: ११०. आडव्या झोपलेल्या माणसाच्या पायाचा दाब हाताइतका किंवा थोडा जास्तच असतो. इथे तो ७६ ने कमी होता. या एका आकड्याला ना मशीन लागतं, ना माझ्यासारखा रेडिओलॉजिस्ट. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मांडीवर बसेल असा मोठा पट्टा आणि पाच मिनिटं असली तर तो निघतो. तरुण वयात बीपी सापडलं की दोन्ही हात आणि एक पाय मोजायचा, स्टेथो बेंबीच्या वर ठेवून घरघर ऐकायची. आमच्या वेळच्या जुन्या मास्तरांनी हे घोकून घेतलं होतं. आता डिजिटल मशीन आलं आणि ते एकाच हाताला बांधायची सवय लागली.

चिठ्ठीत नव्हतं तरी मानेवर प्रोब ठेवला. डाव्या कॅरोटिडची, म्हणजे डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीची, भिंत जाड, एकसारखी, आतली पोकळी शाबूत. याला आमच्यात मॅकरोनी साइन म्हणतात. ज्याने नाव ठेवलं तो बहुधा उपाशी होता.

मग सासूबाईंना पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि मुलीला विचारलं, आधी कधी मोठं आजारपण? तिने दाराकडे पाहिलं. दहावीत असताना मानेत गाठी आल्या होत्या. टीबीच्या निघाल्या. सहा महिने औषध घेतलं, पूर्ण घेतलं. “घरी सांगितलेलं नाही, मॅडम. लग्न ठरताना आईनं सांगू नको म्हणाली.”

हे मी रिपोर्टात लिहिलं नाही. रिपोर्ट सगळं घर वाचतं, शेजारीपाजारीही वाचतात. फिजिशियनना फोन लावला, धमन्यांचं सांगितलं, मग टीबीचं सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हे बरं झालं कळलं. उद्या मी तिला स्टिरॉइड सुरू करणार.” स्टिरॉइडने सूज उतरते, पण अंगात झोपलेला टीबीही जागा होऊ शकतो. आपल्या देशात जगातल्या टीबीच्या जवळजवळ चौथा भाग पेशंट आहेत, तेव्हा हा हिशोब इथे प्रत्येक वेळी मांडावाच लागतो.

टीबी आणि ताकायासू यांचं नातं जोडायचा मोह जुना आहे. धमनीच्या भिंतीतल्या गाठी टीबीसारख्या दिसतात, आणि ज्या देशांत हा आजार बघितला गेला त्यातल्या बऱ्याच देशांत टीबीही मुबलक. पण पेशंटची ट्यूबरक्युलिन चाचणी (टीबीचे जंतू कधी अंगात शिरले होते का, ते सांगणारी) पॉझिटिव्ह आली म्हणून काय सिद्ध होतं? रांगेतल्या मुतखडेवाल्यांची केली तरी त्यातल्या पुष्कळांची येईल. टीबीमुळेच हा आजार होतो हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. मला स्वतःला ते पटतही नाही, नाहीतर आपल्याकडे गल्लोगल्ली ताकायासू सापडले असते.

मग हा आजार ठरवतं कोण, भूगोल की रक्त, म्हणजे आनुवंशिकता? दुपारी रांग संपल्यावर ज्युनियरने हेच विचारलं. रक्ताच्या बाजूने पुरावा आहे: एचएलए-बी ५२ हा जनुक-प्रकार जपानी पेशंटांत ठळकपणे जास्त आढळतो, भारतीय पेशंटांतही त्याचा संबंध दिसला आहे. (त्याच्या शेजारचा बी ५१ बेहचेट नावाच्या, रक्तवाहिन्या सुजवणाऱ्या दुसऱ्या आजाराशी जोडलेला आहे, आणि तो आजार तुर्कस्तानापासून जपानपर्यंत जुन्या रेशीममार्गाने पसरलेला. सख्खे शेजारी, पण उद्योग वेगळे.) मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं नॉर्वेचं. मोठ्या धमन्यांचा दुसरा आजार, जायंट सेल आर्टेरायटिस, पन्नाशीनंतरच्या उत्तर युरोपीय लोकांना गाठतो आणि नॉर्वेत तो भरपूर आहे. आपल्याकडे क्वचित. त्याच नॉर्वेत ताकायासूचे पेशंट मोजले तेव्हा तो आशियाई आणि आफ्रिकी मुळाच्या रहिवाशांत स्थानिक गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. बर्फ तेच, दवाखाने तेच. पण एवढ्यावर रक्ताला जिंकवूनही चालत नाही. बी ५२ जपान्यांत आहे, आपल्यातही आहे, तरी तिथे तो कमानीवर बसतो आणि इथे पोटात. ते का, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

निदानाच्या निकषांनाही जपानहून भारतात असा प्रवास करावा लागला. इशिकावांनी १९८८ मध्ये जपानी पेशंटांवरून नियम बसवले, त्यात वय चाळिशीपर्यंतच असण्याची अट होती. शिवाय पोटातल्या महाधमनीचा विकार धरायचा तर तो खाली पायांच्या फाट्याकडे गेलेला नसावा, असंही होतं. १९९६ मध्ये चंडीगडच्या शर्मांनी सहकाऱ्यांबरोबर या दोन्ही अटी काढल्या. पुढे आजार किती पेटलेला आहे हे तपासून मोजण्यासाठी भारतातल्याच संधिवाततज्ज्ञांनी आयटास २०१० नावाची गुणपद्धत बसवली. ती आता बाहेरही वापरतात. तिची गरज होतीच, कारण या आजारात ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल असूनही भिंत आतून सुजत राहू शकते. आमच्या मुलीचा ईएसआर ६२ होता, तेवढं तिने सोपं केलं.

ज्युनियरला म्हटलं, पुस्तकातलं चित्र इथे वेगळं दिसतं ते फक्त याच आजारात नाही. ल्युपसचं बघ, त्यात दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा चट्टा उठतो. पुस्तकातलं फुलपाखरू गोऱ्या गालावर लालभडक. आपल्या सावळ्या गालावर तेच जांभळट, काळसर दिसतं, आणि बायका वांग समजून वर्षभर क्रीम चोळतात.

दुसऱ्या दिवशी सीटी अँजिओग्राफी झाली, चित्र तेच. टेल्मिसार्टन बंद केलं, दुसरी बीपीची औषधं दिली. छातीच्या डॉक्टरांनी टीबी आता पेटलेला नाही याची खातरजमा केल्यावर स्टिरॉइड सुरू झालं. जोडीला मेथोट्रेक्सेट देण्याचा विचार होता, पण तिला मूल हवं आहे आणि ते औषध गर्भाला घातक. म्हणून अझाथायोप्रिन दिलं. सासूबाईंनी संधिवाततज्ज्ञांना थेट विचारलं, “मंग नातवंडाचं काय?” ते म्हणाले, “मावशी, आजार निदान सहा महिने शांत राहू दे, बीपी ताब्यात येऊ दे, मग मीच सांगतो.” त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या प्रत्येक तपासणीला सुनेबरोबर त्याच आल्या.

तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर परत. क्रिएटिनिन १.०, भिंत जराशी पातळ, उजव्या किडनीची लहर सुधारलेली. डावी किडनी तशीच, ८.३. फुगा घालून ती धमनी उघडायची आहे, पण सुजलेल्या भिंतीत फुगा घातला तर ती लवकर पुन्हा आखडते, म्हणून सगळे थांबलेत.

जाताना ती म्हणाली, “मॅडम, गावातले डॉक्टर विचारतात काय झालंय, मला नाव सांगता येत नाही. मराठीत लिहून द्या.” फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: किडनीच्या दोन्ही धमन्या अरुंद आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल देऊ नये. बीपी उजव्या हातावरच मोजावं. स्टिरॉइड अचानक बंद करू नये. खाली तिच्या फिजिशियनचा नंबर. टीबीचं त्यावर काही लिहिलं नाही.