टाचेचं किती ऐकायचं

सकाळी अलार्म वाजतो तेव्हा मी एकदम ताजीतवानी असते, गडबड होते ती पलंगावरून पहिला पाय खाली टेकवला की. टाचेच्या आतल्या बाजूला कुणीतरी खिळा ठोकल्यासारखी कळ येते आणि मग भिंतीला धरत धरत, लंगडत बाथरूमपर्यंत जायचं. बाथरूम आहे सहा पावलांवर आणि ही बाई म्हणे २१ किलोमीटर पळणार!

फिजिओने नाव सांगितलं, प्लांटर फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो, पायाची कमान सावरून धरणारा. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं म्हणून तो रात्रभर आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. पुन्हा पोटऱ्या कडक असल्या की त्यांचा ताणही त्याच्यावरच. म्हणजे दुखतंय टाचेत आणि ताणायला सांगतात पोटरी, मला आधी हे आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी वाटलं होतं.

हे दुखणं आहे मात्र लबाड. दहा मिनिटं चाललं की कमी होतं, वाटतं गेलं वाटतं, मग बूट घालून पाच किलोमीटर मारून यायचे, अगदी मजेत, आणि वसुली दुसऱ्या दिवशी सकाळी, व्याजासकट. हे मी किती वेळा केलं ते विचारू नका.

लोक विचारतात, एवढं दुखत असून मोटिव्हेशन कसं टिकवतेस गं? अहो, पळायला मला मोटिव्हेशन लागतच नाही, ते लागतं न पळायला. लाँग रनच्या दिवशी घरी बसून पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, ३ सेकंदात टाचा वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदात खाली, असं बारा वेळा, आणि हे दिवसाआड, कित्येक महिने. याला ना मेडल ना फोटो. घड्याळाच्या दृष्टीने तर मी त्या दिवशी काहीच केलेलं नसतं.

पूर्वी कंटाळा आला की मी इथिओपियाच्या अबेबे बिकिला या धावपटूला आठवायचे. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड. पुढे १९६४ ला टोकियोत, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दीड महिनाही झाला नव्हता, तरी पुन्हा जिंकला (तेव्हा बूट होते पायात, हे कुणी सांगत नाही). माणूस थोरच, पण असल्या गोष्टी माझ्यासारखीच्या हातात पडल्या की वाट लागते, कारण मी त्यातून एवढंच घेते की दुखतंय तरी पळ.

फिजिओचा हिशोब साधा आहे, दुखणं १० पैकी ३ पर्यंत असेल तर हळूहळू पळ, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं दिसलं तर अंतर कमी कर. नियम चांगलाय, फक्त मार्क देणारी मीच. सुरुवातीला माझ्या ५ ला मी बिनदिक्कत ३ लिहायचे. शेवटी नवऱ्याने सांगितलं, आकडा तू नको सांगूस, तू बाथरूमकडे कशी चालतेस ते बघून मी सांगतो. तेव्हापासून वही त्याच्याकडे आहे आणि माझे मार्क एकदम खरे झालेत.

आज त्याने २ दिले. बूट दाराशीच होते, हात गेलाच होता, पण आज पायरीचा दिवस. जिन्यात टॉवेल घेऊन उभी राहिले, भिंतीकडे तोंड करून, तेवढ्यात शेजारच्या काकू वर आल्या, जरा थांबल्या, म्हणाल्या, "काय गं, किल्ली हरवली का?"

"नाही काकू, सात झालेत, पाच राहिलेत."