ओव्हरलोड उतरला, गाडी मात्र सुटेना

दंडाचा आकडा आमच्या मालवाहतुकीच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि माल उतरवायचा खर्चही आपल्याच माथी. ते मी भरले, त्याचं एवढं वाटत नाही. डोकं फिरलं ते जादा माल उतरल्यानंतर.

गाडी चार अ‍ॅक्सलचा ट्रेलर, दोन अ‍ॅक्सलचा घोडा (म्हणजे ओढणारी पुढची गाडी) आणि मागे दोन अ‍ॅक्सल. पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन, ३९.५ टन. चाकणहून यंत्रांच्या पेट्या भरल्या होत्या. कंपनीच्या बिलावर वजन होतं ते नुसत्या यंत्रांचं. लाकडी पेट्या आणि खालच्या लोखंडी बैठकी कोणी धरल्याच नव्हत्या. वाटेत तपासणीला गाडी थांबवली, वजनकाट्यावर घ्यायला लावली, आणि काटा टनभर जास्त दाखवायला लागला. (काट्यावर यायला नाही म्हणायचं नाही. पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत काटा असेल तर गाडी तिथवर न्यायला लावण्याचा तपासणी अधिकाऱ्यांना कलम ११४ ने अधिकार आहे, आणि नकाराचा दंड ४० हजार.)

चलान भरलं, हायड्रा (माल उचलायची क्रेन) मिळाला, एक पेटी छोट्या गाडीत चढली. ई-वे बिलात, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, एकाच मालाला अनेक गाड्या नोंदवता येतात, ते मुलीने घरून करून दिलं. दुपारच्या आत सगळं उरकलं होतं.

आणि मग गाडी उभीच.

लेखी आदेशात लिहिलेलं असतं की वजन मर्यादेत येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. बरोबर आहे. पण काट्याच्या आवारात जागा नाही म्हणून साहेबांनीच ती अर्धा किलोमीटर पुढे लावायला सांगितली होती, आणि माल तिथे उतरवला. आता वजन मर्यादेत आलं हे दाखवायला हवी काट्याची नवी पावती. पावतीसाठी गाडी काट्यावर न्यायला हवी. गाडी न्यायची तर परवानगी हवी, आणि परवानगी मिळणार पावती बघून. मी हे तीनदा समजावून सांगितलं. समोरच्याने तिन्ही वेळा मान डोलावली.

ज्यांनी आदेश काढला त्यांची ड्युटी संपली होती. नवे साहेब म्हणाले, "आदेशावर माझी सही नाही, मी कसा सोडू?" आधीच्या साहेबांचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी सुट्टी. ड्रायव्हर मामा फोनवर म्हणाले, "शेठ, इथल्या चहावाल्याला आपल्या गाडीचा नंबर तोंडपाठ झालाय." इकडे ई-वे बिलाची मुदत चालूच. दर २०० किलोमीटरला एक दिवस, गाडी पळो की उभी राहो. ती संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवता येते. मी मध्यरात्री उठून वाढवली.

शेवटी वरच्या कार्यालयात एका क्लार्कबाईंनी दोन मिनिटांत वाट काढली. एक शिपाई सोबत दिला, त्याच्या देखरेखीखाली गाडी काट्यावर गेली, पावती निघाली, सही झाली. हे पहिल्याच दिवशी का होऊ नये, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही. तेव्हा अशी वेळ आली तर हायड्रा काट्याच्या दारातच बोलवा, जागा नसली तरी भांडा. आदेशाची प्रत, आधीची आणि नंतरची पावती, तिन्हींवर वेळ छापलेली बघून घ्या. परमिटवर ओव्हरलोडची नोंद पडते आणि परमिट देणाऱ्या कार्यालयालाही कळवलं जातं, तेव्हा नंतरची पावती तिथेही लागते.

एक राहिलंच. घोड्याची आरसी वेगळी, ट्रेलरची वेगळी. दोन्हींवरच्या रिकाम्या वजनाची बेरीज करून किती माल बसेल हे ठरवू नका. साखळ्या, ताडपत्री, स्टेपनी, मामांचा स्टोव्ह, आणि ४०० लिटर डिझेल म्हणजेच तीनशे किलोंच्या वर. टाकी भरून रिकामी गाडी काट्यावर घ्या आणि तो आकडा ३९.५ मधून वजा करा. काटाही पारखून घ्या: वैधमापन खात्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी लागते, तिचं प्रमाणपत्र केबिनमध्ये लावलेलं असायला हवं.

हायड्राचं बिल कंपनीने दिलं. दंड मात्र "वाहतूकदाराची जबाबदारी" असं पत्र आलंय. त्यांच्याच बिलाची झेरॉक्स जोडून मी उत्तर पाठवलंय.