तुम्ही विचारलंत म्हणून: क्रांतीने आदेलाईदला काय दिलं?

फ्रेंच चित्रकलेचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: समतेच्या घोषणा देणाऱ्या फ्रेंच राज्यक्रांतीने स्त्री-चित्रकारांनाही दारं उघडली असतील ना? उत्तर देताना मी आदेलाईद लाबिय-गियार हिची कारकीर्द सांगते. क्रांती तिला हवी होती, तरीही क्रांतीतच तिचं सर्वांत मोठं चित्र गेलं.

जन्म १७४९, पॅरिस. वडिलांचं फॅशनच्या वस्तूंचं दुकान. नग्न मॉडेलवरून रेखाटनाचे वर्ग मुलींना बंद असल्याने पुराण-इतिहासातली भव्य चित्रं, म्हणजे तेव्हाचा सर्वांत मानाचा प्रकार, आपोआप हाताबाहेर. उरली व्यक्तिचित्रं. आदेलाईद आधी लघुचित्रं शिकली, मग मोरिस कांतँ द ला तूरकडे पेस्टल, म्हणजे कोरड्या रंगकांड्यांचं काम, आणि शेवटी बालमित्र फ्रांस्वा-आंद्रे वँसाँकडे तैलरंग. १७७४ मध्ये तिने सेंट ल्यूक अकादमीत चित्रं मांडली. ती संस्था १७७६ मध्ये बंद झाली. आता प्रतिष्ठेचा मार्ग उरला तो राजेशाही अकादमीचा. तिथे एका वेळी फक्त ४ स्त्रिया सभासद असू शकत.

त्यात कुजबुज अशी की तिची चित्रं वँसाँच सुधारून देतो. यावर तिने केलं ते मला फार हुशारीचं वाटतं: अकादमीच्या सभासदांनाच पुढ्यात बसवून त्यांची पेस्टल व्यक्तिचित्रं केली. ज्यांची मतं हवी होती तेच तिचा हात चालताना पाहत होते.

त्यासाठी पेस्टल सोयीचं होतं. तेल वाळायची वाट पाहावी लागत नाही, बैठका थोडक्यात आटोपतात. पण माध्यम नाजूक. कांडीत रंगद्रव्य, पांढरी भुकटी आणि अगदी थोडा डिंक असतो. डिंक जास्त झाला तर कांडी कडक होऊन कागद खरवडते, कमी पडला तर हातातच चुरा. रंग कागदाच्या तंतूंत नुसता अडकलेला असतो. तो बसवायला द्रव फवारला तर छटा गडद होतात आणि मखमली झाक जाते. न फवारला तर धक्क्यानेही भुकटी गळते. म्हणून चित्र काचेखाली ठेवायचं, आणि काच कागदाला टेकू द्यायची नाही. शिल्पकार पाजू आपले गुरू लमोआन यांचा अर्धपुतळा घडवतोय, हे तिचं पेस्टल आज लूव्हरच्या संग्रहात आहे. त्यातले बाह्या सरसावलेले हात पाहा, कुजबुजीला तेवढं उत्तर पुरे.

३१ मे १७८३ रोजी तिला अकादमीत प्रवेश मिळाला. त्याच दिवशी चित्रकार एलिझाबेथ विजे ल ब्रनलाही. तेव्हापासून दोघींची तुलना सुरू झाली ती आजवर थांबलेली नाही. १७८५ मध्ये आदेलाईदने दोन शिष्यांसह स्वतःचं चित्र मांडलं, ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उंची २ मीटरहून अधिक. साटीनचा झगा, हातात पॅलेट आणि कुंचले, मागे गाब्रियेल कापे आणि कारो द रोझमाँ. चौघींच्या मर्यादेत बसलेली बाई पुढच्या पिढीतल्या दोघींना घेऊन उभ्या माणसाएवढ्या कॅनव्हासवर येते, हे मला उघड मागणीपत्रच वाटतं. लूव्हर तेव्हा राजवाडा होता आणि तिथे कलाकारांना राहायला जागा मिळे; ती मात्र तिला तेव्हा नाकारली गेली, कारण तिच्याकडे मुली शिकायला येत.

१७९० मध्ये तिने अकादमीच्या बैठकीत चार स्त्रियांची ती मर्यादा काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. प्रत्यक्षात हाती काही लागलं नाही. १७९१ चं सालोन, म्हणजे अकादमीचं चित्रप्रदर्शन, सर्व कलाकारांना खुलं झालं हे खरं, आणि तिने तिथे क्रांतीचा नेता रोबेस्पिएर याच्यासह संसदेतल्या प्रतिनिधींची चित्रं मांडली. पण ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बरखास्त झाली आणि तिच्या जागी उभ्या राहिलेल्या क्रांतिकारी कलासंस्थेने बायकांना वगळलं. पॅरिसच्या सरकारी ललितकला विद्यालयात मुलींना प्रवेश मिळायला १८९७ साल उजाडलं.

त्याच ऑगस्टमध्ये तो घाव बसला. राजाचा भाऊ काउंट ऑफ प्रोव्हान्स याने १७८८ मध्ये तिला एका सरदारी संघाच्या समारंभाचं प्रचंड चित्र सांगितलं होतं. अनेक आकृत्यांचं, तिला व्यक्तिचित्रांपलीकडे नेणारं. राजघराण्याशी संबंध म्हणून ते नष्ट करण्याचा आदेश निघाला. मोबदला तर बुडालाच, पण मला जास्त खटकतं ते हे की तिची झेप किती होती ते दाखवणारा पुरावाच उरला नाही.

नावांनीही घोटाळा केला. लग्नाचं नाव गियार, घटस्फोटानंतर ‘लाबिय, उर्फ गियार’ अशी सही, वँसाँशी लग्न केल्यावर मादाम वँसाँ. १८०३ मध्ये ती गेली. संग्रहालयांच्या याद्यांत तिला शोधायचं तर ही सगळी नावं घालून पाहा, आणि विजे ल ब्रनच्या नावावरची, सही नसलेली चित्रंही एकदा नीट तपासा.