दोन हात, पाच सूर

सध्या पियानोवर चिनी संगीतकार ह लूथिंगची 'गुराख्याची बासरी' बसवतेय. रचना जेमतेम तीन मिनिटांची, पण घाम काढते. 1934 साली रशियन संगीतकार अलेक्झांडर चेरेपनिनने शांघायमध्ये चिनी ढंगाच्या पियानो रचनांची स्पर्धा ठेवली होती. त्यात पहिलं बक्षीस याच रचनेला.

सुरुवातीला डाव्या हाताला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, नाहीतच. दोन्ही हात एकेक सूर धरून आपापली चाल गातात. उजवा हात एखाद्या सुरावर रेंगाळला की डावा पुढे सरकतो, मग उलट. ही जर्मन संगीतकार बाखची रीत, सूर मात्र चिनी पंचस्वरी. आपल्या कानाला सरळ भूप राग! माझा उजवा हात लगेच मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, शोधायला लागतो, आणि पियानोवर मींड कुठून आणायची? मग छोटे अलंकार हलक्या बोटाने टाकायचे. मधला भाग जलद, नाचरा, तो पटकन बसला. पहिली चाल परत येते ती नटूनथटून, तिथे मी रोज अडखळते.

अशी सरमिसळ चेंबर संगीतात, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीतात, ऐकायची तर चिनी संगीतकार तान दुनचं 1994 मधलं 'घोस्ट ऑपेरा' ऐका. स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो), पिपा हे चिनी तंतुवाद्य, जोडीला पाणी, दगड, कागद. त्यात बाखचा प्रेल्यूड (छोटी वाद्यरचना) आणि चिनी लोकगीत एकमेकांना भेटतात. क्रोनोस क्वार्टेट आणि पिपावादक वू मान यांचं रेकॉर्डिंग आहे. हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर पाण्याचा आवाज नळ गळल्यासारखा वाटतो.