इंजिन नसलेल्या नावेचा इंजिन क्रमांक

हतनूर धरणाच्या जलाशयात शिडाची कॅटमरान चालवण्याची परवानगी अखेर माझ्या हातात आली. तिला जो विलंब झाला तो अर्जातील एका रकान्यामुळे. नोकरीच्या काळात मुंबईच्या समुद्रावर या दोन सांगाड्यांच्या हलक्या नावांच्या शर्यतींचा जो नाद लागला, तो निवृत्त होऊन भुसावळला परतल्यावरही सुटला नाही. ‘होबी १६’ या बनावटीची जुनी कॅटमरान विकत घेतली आणि केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून ती सुटी करून आणली, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

रकाना होता ‘इंजिन क्रमांक व अश्वशक्ती’. मी तेथे ‘इंजिन नाही’ असे लिहिले, तर ‘माहिती अपूर्ण’ असे त्रुटीपत्र आले. समक्ष गेलो तेव्हा टेबलावरच्या भाऊसाहेबांनी शीड आणि वारा यांविषयीचे माझे सगळे सांगणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते खरं हो काका, पण रकाना असा ठेवून फाइल वर कशी पाठवू?” पुढे साहेब कधी साइटवर, कधी जळगावला बैठकीला, आणि फाइल अभिप्रायासाठी तांत्रिक शाखेत. एखादे जुने इंजिन कागदावर दाखवून मोकळे व्हा, असाही सल्ला तेथेच मिळाला. ज्या पाण्यावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, तेथे आवाज न करणाऱ्या नावेकडे इंजिन मागावे, याचा राग मला अजून आहे. (अर्ज देताना आवक क्रमांकासह पोच घ्यावी, फाइल ‘सापडत नाही’ तेव्हा तीच उपयोगी पडते.)

शेवटी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मधील यांत्रिक शक्तीविना चालणाऱ्या नौकांविषयीच्या स्वतंत्र तरतुदीची प्रत जोडून मी अर्ज पुन्हा दिला. नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांनी ती वाचली, ‘यांत्रिक नौका नाही’ अशी टिपणी लिहिली आणि सही केली. कित्येक महिने अडलेले काम चहा निवण्याआधी झाले!

आणखी एक सांगायचे राहिले. होबीची डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि आठ मीटरपेक्षा उंच असते. काठावर ती उभी करण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहावेच. परदेशात अशा अपघातांनंतर काठीचा वरचा भाग फायबरचा करण्यात आला. जुन्या नावेला तो असेलच असे नाही. या नावेला पाण्यात खोल जाणारी फळी नसते आणि सुकाणूही वर उचलता येते, त्यामुळे हतनूरच्या गाळाची अडचण फारशी होत नाही. मात्र जोडीदाराशिवाय जाऊ नये, कारण उलटलेली होबी सरळ करण्यास एका माणसाचे वजन बहुधा पुरत नाही. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा परवानगी असली तरी नाव काठावरच ठेवावी.

नूतनीकरणाच्या अर्जातही तोच रकाना आहे. तेथे ‘लागू नाही’ एवढेच न लिहिता आधीच्या टिपणीचा जावक क्रमांक आणि दिनांक लिहावा.