मे महिन्यात वर आलेलं पेट्रोल

सोलापूर जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली. टाकी बदलली गेली, पण तोवर मुरलेलं पेट्रोल मागच्या शेतातल्या विहिरीपर्यंत पोचलं होतं. मग बोअर घेऊन दूषित पाणी मोटरीने उपसायचं आणि शुद्ध करून सोडायचं, हे काम आमच्याकडे आलं.

यंत्रणा सांगायला सोपी आहे. आधी तेल आणि पाणी वेगळं करणारी टाकी, मग उंच टॉवर. वरून पाणी पडतं, खालून ब्लोअर हवा मारतो, आणि पेट्रोलमधून पाण्यात उतरलेलं बेंझीन हे घातक रसायन हवेत निघून जातं. शेवटी ती हवाही आणि ते पाणीही ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून जातं. चालवायला मात्र छळते. इथल्या काळ्या खडकातलं पाणी जड. हवा लागून त्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की टॉवरमधल्या प्लास्टिकच्या रिंगांवर क्षारांची पांढरी पुटं चढतात. माझा बेंझीनपेक्षा जास्त वेळ ही पुटं ॲसिडने धुण्यात गेलाय.

पावसाळ्यात पाणी वर चढलं आणि बोअरमधला पेट्रोलचा थर दिसेनासा झाला. पंपाच्या तेल कंपनीच्या साहेबांनी हिवाळ्यापासून धोशा लावला, "मॅडम, निल येतंय ना? मग मोटर बंद करा." शेतकरी काका मात्र म्हणत, "ताई, विहिरीवर वाकलं की अजून वास येतो." मी उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. साहेबांना तो बिल वाढवायचा डाव वाटला असणार.

मे महिन्यात ते स्वतः आले, काम बंद करण्याचा कागद तयार करूनच. मी त्यांच्यासमोर मीटरची टेप बोअरमध्ये सोडली. टोकाचा सेन्सर तेलात असला की सलग वाजतो, पाण्यात थांबून थांबून. 9.40 मीटरवर सलग आवाज सुरू झाला. टेप सोडत गेले तरी तो तुटेना. तुटला तो 9.82 वर.

"मीटर बिघडलाय," साहेब म्हणाले.

पारदर्शक बेलर, म्हणजे नमुना काढायची नळी, खाली सोडून वर काढला. खाली गढूळ पाणी, वर पिवळसर पेट्रोल, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. साहेबांनी फोटोसाठी मोबाईल काढला, तेव्हा त्यांना आधी बोअरपासून लांब नेलं. बोअरच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ असते आणि साधा मोबाईल काही फ्लेमप्रूफ नसतो.

झालं होतं असं, की पाणी चढताना पेट्रोल मुरमाच्या बारीक छिद्रांत थेंबाथेंबाने अडकून पाण्याखाली बुडालं. पाणी उतरलं तसं ते सुटून खडकाच्या भेगांतून बोअरमध्ये जमलं. हे समजल्यावर साहेब दुसऱ्या टोकाला गेले. 42 सेंटिमीटर गुणिले अख्खा प्लॉट करून त्यांनी टँकरच्या टँकर पेट्रोल काढलं. तसं नसतं हो. बोअरमध्ये साठलेला थर जमिनीतल्यापेक्षा बराच जाड दिसतो. त्या आकड्यावरून साठा काढता येत नाही, पण काम संपलं नाही एवढं नक्की कळतं.

मोटर आणखी जोरात चालवा, ही त्यांची पुढची सूचना. तीही नको. पातळी फार खाली ओढली तर पेट्रोलही मागोमाग उतरतं आणि कोरा खडक माखतो. उपसा बेताचा ठेवून वरचा थर स्किमरने काढायचं ठरलं.

काका बांधावर उभे होते. "मग विहिरीचं पाणी कधी प्यायचं?"

"यंदा नाही. वास गेला तरी तपासल्याशिवाय नाही." पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. त्याच्या कितीतरी पट असलं तरी नाकाला पत्ता लागत नाही.

"बरं. मग टँकरचं बिल कुणाचं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. शेवटी त्यांनी काम बंद करायचा तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर टँकरचा महिन्याचा हिशेब मांडायला घेतला.